मायनर लीग : ‘कनिष्ठ’, ‘दुय्यम’ की आणखी काही?

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या जुन्या बेसबॉलवरचा मजकूर मराठीत आणतोय. ‘मायनर लीग’ला, म्हणजे सर्वोच्च ‘मेजर लीग’च्या खालच्या व्यावसायिक स्पर्धेला, काय म्हणावं? ‘दुय्यम’ जरा टोचतं. ‘कनिष्ठ लीग’ कसं वाटतं?

— ‘कनिष्ठ’ नकोच. कनिष्ठ महाविद्यालय, कनिष्ठ लिपिक... वाचणाऱ्याला शाळकरी पोरंच दिसणार. हे तर पगारी खेळाडू. ‘दुसऱ्या फळीची लीग’ लिहा.

— इतर शहरांसाठी चालेल, सॅन डिएगोसाठी अडचण आहे. १९३६ साली बिल लेन यांनी आपला हॉलिवूड स्टार्स हा संघ तिथे हलवला आणि त्याचं नाव पाद्रेज झालं. ब्रॉडवे रस्ता जिथे बंदराला भिडतो तिथलं लेन फील्ड हे त्यांचं मैदान. लाकडी स्टँड, त्याला पुढे वाळवी लागली ती लागलीच. तेव्हा मेजर लीगचे सगळ्यात पश्चिमेचे संघ सेंट लुईसचे. म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यावरच्या माणसाला पहिली फळी बघायलाच मिळत नव्हती. त्याच्यासाठी पाद्रेज खेळायचे ती पॅसिफिक कोस्ट लीग हाच खरा बेसबॉल. हवा सौम्य, त्यामुळे हंगामही लांबलचक. १९५२मध्ये तर या लीगला ट्रिपल-ए या मायनर लीगमधल्या वरच्या श्रेणीच्याही वरचा ‘ओपन’ दर्जा मिळाला होता. १९५८मध्ये डॉजर्स आणि जायंट्स हे मेजर लीगचे संघ कॅलिफोर्नियात आले आणि तो दर्जा संपला.

— मग ‘फार्म टीम’, म्हणजे मेजर लीगच्या संघासाठी खेळाडू तयार करणारा खालचा संघ? ‘शेतसंघ’ वाचून हसू आलं.

— ‘रोपवाटिका संघ’ म्हणा, अर्थ पोचतो. पण सुरुवातीच्या पाद्रेजना सरसकट लावू नका. रोपवाटिकेतला खेळाडू आधीपासूनच वरच्या संघाचा असतो. लेन स्वतःच मालक; ते खेळाडू घडवून विकायचे. टेड विल्यम्सचंच बघा. गावातलाच मुलगा, हूवर हायस्कूलचा, १९३६मध्ये सतराव्या वर्षी संघात आला. पुढच्या हंगामात २३ होमरन, संघाला विजेतेपद, आणि डिसेंबरात बॉस्टन रेड सॉक्सला विक्री. याला ‘बढती’ म्हणू नका, तो सौदा होता.

— जॉन रिचीचं नावही गाळू नका. तोही सॅन डिएगोचाच, यष्टिरक्षकासारखी जागा सांभाळणारा कॅचर. १९४८मध्ये पाद्रेजकडून उतरला आणि पॅसिफिक कोस्ट लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

— ‘पाद्रेज’ की ‘पॅड्रेस’?

— ‘पाद्रेज’. स्पॅनिश ‘पाद्रे’ म्हणजे धर्मगुरू. १७६९मध्ये तिथे फ्रान्सिस्कन मिशन उभं राहिलं, त्यावरून हे नाव. आपला ‘पाद्री’ पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आला, म्हणजे शब्द घरचाच म्हणायचा. पण म्हणून ‘सॅन डिएगो पाद्री’ लिहू नका, विशेषनाम आहे. आणि तारखा जपा: १९६८पर्यंतचा संघ वेगळा, १९६९पासून मेजर लीगमध्ये त्याच नावाने खेळणारा वेगळा.

— ठीक. शीर्षकात ‘मायनर लीग’च ठेवतो, पहिल्या परिच्छेदात ‘दुसरी फळी’ आणि लगेच सेंट लुईसची गोष्ट.