मदत हवी आहे : मझललोडरवर स्कोप बसेना, माउंट कुठला घेऊ?

सुसक्वेहानाकाठ :
शनिवारी पेनसिल्व्हेनियात मझललोडरचा (नळीच्या तोंडातून दारू ठासायची बंदूक) शिकारीचा सीझन सुरू होतोय आणि माझा स्कोप अजून टेबलावरच आहे. इनलाइन (नव्या धाटणीची, ठिणगी थेट नळीच्या मागून देणारी) रायफल, .50 कॅलिबर, स्कोप म्हणजे दुर्बीण 3-9×40. रायफलीवरच्या बेसला स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगा दोनदा मागवल्या. पहिल्या बसल्या, पण स्कोप इतका खाली आला की बार काढण्याआधी मागे ओढायच्या घोड्यावर अंगठाच पोचेना. म्हणून उंच मागवल्या, तर त्या बेसवर बसतच नाहीत. कुणीतरी नेमका माउंट सांगा, वेळ नाही.

ओहायोची_माई :
अरे, रायफल कुठली? बेस कुठला? स्कोपची नळी एक इंची की 30 मिमी? नुसतं ‘इनलाइन’ म्हटल्यावर काय सांगणार?

सुसक्वेहानाकाठ :
सीव्हीए वुल्फ. नळी एक इंची. बेस दुकानदाराने बसवून दिला, अॅल्युमिनियमचा आहे, आडव्या खाचा आहेत.

एकसंध :
बेस काढून टाक. डीएनझेड कंपनीचा एकसंध माउंट घे, बेस आणि रिंगा एकाच तुकड्यात येतात, सांधाच नाही. वुल्फ हलकी रायफल, सहा पौंडांच्या आसपास. 150 ग्रेन (दारूचं माप) दारू ठासलीस तर धक्का असा बसतो की सुट्या रिंगा सरकतात. मी तीन वर्षं भोगलंय.

व्हर्जिनियाकर :
रिंगा सरकल्या कारण स्क्रू अंदाजाने आवळले असणार. टॉर्क ड्रायव्हर घ्या, रिंगांना 15 ते 18 इंच-पाउंड पुरे. बेसच्या भोकांतलं तेल आधी पुसा आणि स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावा. माझ्या स्टीलच्या सुट्या रिंगा इतक्या वर्षांत हललेल्या नाहीत. आणि हरणासाठी 150 ग्रेन कशाला? 100 भरपूर झाले.

एकसंध :
दारूचं कुणी विचारलं? प्रश्न माउंटचा आहे.

ओहायोची_माई :
भांडू नका, त्याला शनिवार गाठायचाय. दुसऱ्या रिंगांच्या खोक्यावर काय लिहिलंय?

सुसक्वेहानाकाठ :
पिकॅटिनी.

ओहायोची_माई :
मग बरोबर. वीव्हर आणि पिकॅटिनी हे बेसच्या खाचांचे दोन वेगळे प्रकार, तुझा बेस वीव्हरचा असणार. वीव्हरची खाच 4.57 मिमी, पिकॅटिनीची 5.23. वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर चालते, उलट बहुतेक वेळा जमत नाही. कानस लावून बसवायच्या फंदात पडू नकोस.

कोलोरॅडो_दादा :
आमच्याकडे मझललोडर सीझनात स्कोपला बंदीच आहे. उघड्या साइटवर (भिंगाशिवायच्या नेमखुणेवर) सराव करा, नजर तयार होते. तुमच्याकडेही ख्रिसमसनंतरच्या फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या बंदुका) सीझनात स्कोप चालत नाही.

सुसक्वेहानाकाठ :
काका, मला ऑक्टोबरचाच सीझन करायचाय. त्यात इनलाइन आणि स्कोप दोन्ही चालतात. चाळिशीनंतर मागची साइट मला धूसर दिसते.

कुडाळचा_भाचा :
धागा वाचून आजोळ आठवलं. आजोबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, भाताला रानडुकरं यायची. गजाने दारू ठासताना आम्हा पोरांना ते अंगणाबाहेर काढायचे. अमेरिकेत तिच्यावर दुर्बीण लावतात हे आजच कळलं.

व्हर्जिनियाकर :
घाईत एक विसरू नका : पहिल्याच दिवशी ब्रीच प्लग (नळीच्या मागचं बूच) काढून नळी धुवा. पायरोडेक्स दारूची राख रात्रभर राहिली तर गंज धरतो.

ओहायोची_माई :
मूळ अडचण घोड्याची आहे. हे हसण्यावारी नेऊ नकोस. स्कोप खाली असताना ओढलेला घोडा सावकाश सोडायला गेले आणि माझा अंगठा निसटला. बार उडाला. नळी मातीकडे होती म्हणून निभावलं. पण वुल्फच्या घोड्याला बाजूचा खुंट असतो ना? तो वापरून पाहिलास का?

सुसक्वेहानाकाठ :
खुंट आहे, पण उजवीकडे. मी डावखुरा.

ओहायोची_माई :
हे पहिल्या ओळीत सांगायचं होतंस रे! तो खुंट काढून डावीकडे लावता येतो, तशीच सोय ठेवलेली असते. पहिल्या रिंगा आहेत ना अजून? त्याच लाव. स्कोप खाली असला तर दस्त्यावर गालही नीट टेकतो. स्कोप आवळण्याआधी रायफल खांद्याला लावून बघ, डोळ्यापासून साडेतीन-चार इंच अंतर हवं, नाहीतर भुवई फुटते. पुढची भिंग मागच्या साइटला टेकत असेल तर साइट काढ.

एकसंध :
अॅल्युमिनियमचा बेस मात्र तपासून घे. मागच्या स्क्रूवर जास्त ताण येतो.

सुसक्वेहानाकाठ :
खुंट डावीकडे घेतला, पाच मिनिटांचं काम. जुन्याच रिंगा, साइट काढावी लागली. बेसचा मागचा स्क्रू खरंच ढिला होता, धन्यवाद एकसंध. आज रेंजवर 50 यार्डांवर शेवटच्या तीन गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत पडल्या. माई, तुमचे उपकार. पिकॅटिनीच्या रिंगा परत पाठवतोय.

एकसंध :
छान. पण परताव्याचे पैसे आले की एकसंधच घे.