मदत हवी आहे: डिस्चार्ज कार्डाबद्दल रुग्णालयाच्या व्यवस्थापनाशी बोलायचं कसं?

मी फॅमिली डॉक्टर आहे. जवळच्या रुग्णालयात पाठवलेला पेशंट बरा होऊन घरी येतो, पण तिथे औषधांत काय बदललं ते डिस्चार्ज कार्डावरून मला कळतच नाही. परवा एका आजींनी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध नव्याने सुरू झालेलं, आणि गुडघ्यासाठीची जुनी वेदनाशामक डायक्लोफेनॅकही चालूच! दोन्ही एकत्र म्हणजे रक्तस्रावाचा धोका. पुढची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) कधी, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. फार घाबरले मी.

तिथले कन्सल्टंट फोनवर नीट बोलतात. अडतं ते व्यवस्थापनापाशी. दोन पत्रं दिली, उत्तर नाही. कुणी मेडिकल सुपरिटेंडेंटना भेटून एखादी ठरावीक संपर्क व्यक्ती मिळवली आहे का? एकटीने जावं, की परिसरातल्या डॉक्टरांनी मिळून? पत्राचा नमुना असेल तर कृपया द्या.