बेस्ट कॅडेटची ट्रॉफी बंद करायची म्हणे!

कदमताल:
कालच्या त्या पोस्टने डोकं फिरवलं. कॉलेजात एनसीसी डेला बेस्ट कॅडेटची ट्रॉफी देतात, त्यावर एका महाशयांनी लिहिलंय, 'एकता और अनुशासन म्हणायचं आणि एकालाच वर काढायचं, हे ढोंग आहे. बंद करा.' वर टाळ्याही भरपूर. अहो, कधी पहाटे बेल्टच्या बकलला ब्रासो लावलाय का? आमच्या कॅम्पला फायरिंगच्या वेळी एका ज्युनियरची पॉइंट टू टू अडकली. रायफल तशीच हातात घेऊन 'सर, होत नाहीये' म्हणत ती उठायलाच लागली. शेजारी आडव्या पडलेल्या आमच्या सीनियर अंडर ऑफिसरने, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात वरच्या रँकच्या कॅडेटने, एका हाताने तिचा खांदा खाली दाबला, दुसऱ्या हाताने नळी टार्गेटकडेच धरून ठेवली. उस्ताद, म्हणजे आमचे लष्करी प्रशिक्षक, पोचेपर्यंत. आवाज न चढवता. अशा पोरीला कॉलेजने एक कप दिला तर कुणाच्या पोटात दुखतं?

अंबरनाथ_स्लो:
मग मिळाला का तिला कप?

कदमताल:
नाही. त्या वर्षी आरडीसीला, म्हणजे दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या कॅम्पला, गेलेल्या मुलाला दिला. पण मुद्दा तो नाही.

अंबरनाथ_स्लो:
ताई, मुद्दा तोच आहे! उंची, चकाचक बूट आणि फाडफाड इंग्रजी, झाला बेस्ट कॅडेट. मी पहिली लोकल पकडून, दादरला पूल ओलांडून, साडेसहाला चर्चगेटला परेडच्या रांगेत फॉलइन व्हायचो. कंपनीचा नॉमिनल रोल, म्हणजे कॅडेट्सच्या नावांची यादी, माझ्या वहीत. उंची भरली नाही, पहिल्याच चाळणीत बाहेर.

माजी_सार्जंट:
मित्रा, उंची बघतात ती कर्तव्यपथावरच्या तुकडीसाठी. बेस्ट कॅडेटला लेखी, ग्रुप डिस्कशन, मुलाखत, ड्रिल, फायरिंग सगळं असतं. पंतप्रधानांच्या एनसीसी रॅलीतलं मेडल कुणी बूट बघून देत नाही. रडगाणं पुरे.

अंबरनाथ_स्लो:
दिल्लीचं कोण बोलतंय? आमच्या कॉलेजात ना लेखी होती ना मुलाखत. ट्रॉफी स्टाफरूममध्ये ठरायची.

चौपाटी_झाडू:
आमचंही ऐका जरा. एनएसएसवाले आम्ही, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतले, दोन वर्षांत 240 तास. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वाळूतून पीओपीचे हात, सोंडा गोळा करतो. ग्रेस मार्क दोघांनाही सारखेच, पण प्राचार्य गार्ड ऑफ ऑनर घेतात तुमचा.

माजी_सार्जंट:
तुमचे 240 तास कसे भरतात ते माहीत आहे. रोप लावा, फोटो काढा, सही करा.

चौपाटी_झाडू:
आणि तुमची परेड? समोसा हातात पडला की संपली!

माजी_सार्जंट:
समोशावर येऊ नका. दीड तास उन्हात सावधान उभं राहून एक गार समोसा आणि काळं केळं मिळायचं. मंजूर पैशात त्याहून बरं आलं असतं. ते पैसे जायचे कुठे, हे विचारणाऱ्या आमच्या कॉर्पोरलची रँक महिनाभर अडकवली होती.

चौपाटी_झाडू:
आम्हाला तर केळंही नव्हतं.

अंबरनाथ_स्लो:
हा धागा ट्रॉफीचा आहे की कॅन्टीनचा?

नाना_गिरगाव:
पोरांनो, भांडताय काय? 1963 पासून 68 पर्यंत एनसीसी सक्तीची होती, चीनच्या युद्धानंतर. निम्मा वर्ग डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून सटकायचा. मला मिळालेले बूट दोन नंबर मोठे, पुढे कागद कोंबून चालायचो. ट्रॉफी द्या नाहीतर देऊ नका, आधी मापाचे बूट द्या.

कदमताल:
नाना, बुटांचं शंभर टक्के खरं. पण ट्रॉफी चुकीच्या हातात जाते म्हणून बंद करायची, हे कुठलं लॉजिक? ज्यांना कमांड दिली त्या कॅडेट्सनाच मत द्यायला सांगा.

माजी_सार्जंट:
मग प्रॉक्सी हजेरी लावणारा दरवर्षी बिनविरोध निवडून येईल. त्यापेक्षा उस्तादांना विचारा, त्यांना सगळ्यांचे झोल माहीत असतात. आणि कपाचं एवढं काय? एनसीसीच्या सी सर्टिफिकेटला बी ग्रेड आणि डिग्रीला 50 टक्के असले की सैन्याच्या स्पेशल एंट्रीने लेखी न देता एसएसबीसाठी, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीसाठी, अर्ज करता येतो. तिथे कप कुणी विचारत नाही.

अंबरनाथ_स्लो:
ती रायफलवाली गेली होती का एसएसबीला?

कदमताल:
गेली होती. कॉन्फरन्स आउट, म्हणजे अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर. आता ठाण्यात बँकेत आहे.

अंबरनाथ_स्लो:
मग निदान कप तरी द्यायचा होता तिला. घ्या, एवढं तुमचं मान्य.

कदमताल:
सकाळपासून मी दुसरं काय बोंबलतेय?