मदत हवी आहे: .22 सेमी-ऑटो रायफलच्या पुंगळ्या पुढे उडून राहिल्या आहेत

सीताबर्डीकर:

नमस्कार मंडळी. आजोबांच्या काळातली .22 सेमी-ऑटो रायफल आहे, परवाना आता माझ्या नावावर. साधी ब्लोबॅक, म्हणजे गॅस पिस्टन वगैरे काही नाही, काडतुसाच्या दाबानेच बोल्ट (काडतुसामागचा सरकता तुकडा) मागे जातो. आजवर रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे, जराशा मागे पडायच्या. नळीचं तोंड घड्याळाच्या 12 वर धरलं तर 3 आणि 4 च्या मध्ये, सगळ्या एका जागी. वेचायला त्रास नाही.

उन्हाळ्यापासून मात्र बऱ्याचशा 1 च्या दिशेने पुढे जातात, काही सरळ वर, आणि मधूनच एखादी गरम पुंगळी माझ्याच कॉलरमध्ये. रेंजवर उजव्या बाजूचे काका डावखुरे, त्यांचं तोंड कायम माझ्याकडे. चष्मा असतो म्हणून ठीक, पण त्यांनी आता जागा बदलून मागितली आहे.

निशाणा जागेवर आहे. बोल्ट, चेंबर साफ केलं. काडतुसं हल्ली हाय व्हेलॉसिटीऐवजी स्टँडर्ड वापरतो. उन्हाळ्याआधी स्कोप बसवला. रेंजवरचे जाणते म्हणतात रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला आवरून परत पुढे ढकलणारी) मेली, बदल. जुन्या रायफलची स्प्रिंग शोधायची म्हणजे वर्ष जाईल. खरंच तिचा दोष असेल का?

तिखट_सावजी:

भाऊ, मे महिन्यात नागपूरला 45 च्या वर पारा. काडतुसं गाडीच्या डिकीत ठेवत असशील तर दाब वाढणारच. सावलीत ठेव नं बाप्पा.

वऱ्हाडी_नेमबाज:

डिकीत ठेवू नये हे बरोबर, पण उन्हाने दाब वाढतो तो थोडाच. 3 ची पुंगळी 1 वर जाईल इतका नाही.

सीताबर्डीकर, तुमच्या माहितीतच एक विसंगती आहे. एक्स्ट्रॅक्टरची नखी पुंगळीची कड उजवीकडून धरून मागे ओढते. डाव्या बाजूचा इजेक्टर तिला आडवा येतो, आणि पुंगळी नखीभोवती गर्रकन फिरून बाहेर फेकली जाते. बोल्ट जोरात आला तर फेक जोरात आणि पुढच्या अंगाला, हळू आला तर मागे, पायाशी. स्प्रिंग मेली की बोल्ट जोरात येतो, म्हणून तुमच्या जाणत्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. पण तुम्ही काडतुसं सौम्य केलीत! 40 ग्रेन वजनाची स्टँडर्ड गोळी सेकंदाला साधारण 330 मीटर, हाय व्हेलॉसिटी 380 च्या आसपास. म्हणजे बोल्ट आधीपेक्षा मंद हवा आणि पुंगळ्या मागे पडायला हव्यात. तुमच्या पुढे जातात, वर जातात, कॉलरमध्येही शिरतात. स्प्रिंगचा दोष असता तर सगळ्या मिळून एका बाजूला सरकल्या असत्या. अशी दाही दिशांची उधळण दिसली की मी आधी बघतो, पुंगळी बाहेर पडल्यावर कशाला आपटते का.

स्कोपचा उजव्या बाजूचा विंडेज टरेट, म्हणजे निशाणा डावं-उजवं करायचा खुंटा, पुंगळीच्या खिडकीवर येतोय का? पितळ मऊ असतं, काळ्या टरेटवर सोनेरी ओरखडे दिसतील. नाही दिसले तर टरेटला कागदी चिकटपट्टी लावून एक मॅगझिन झाडा. पुंगळीच्या तोंडाशी एकाच जागी चेपलेलं असेल तर तोही पुरावाच. मोबाईलवर स्लो मोशन घ्या, पण मोबाईल स्टँडवर लावा, माणूस फायरिंग लाइनच्या मागेच राहू द्या.

25 मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत दोन नेमबाजांच्या मध्ये पारदर्शक पडदे लावतात ते याच पुंगळ्यांसाठी. तुमच्या रेंजवर तसा एखादा मागा, काकांना जागा बदलावी लागणार नाही.

उमरेड_रोड:

आणखी एक. मॅगझिनमधली शेवटची पुंगळी वेगळी उडते का? काही .22 मध्ये खालचं काडतूस पुंगळीला टेकू देतं, शेवटी तो नसतो. आणि कोरडा ट्रिगर दाबायची सवय आहे का घरात कुणाला? रिमफायरमध्ये पिन चेंबरच्या काठावर आदळते, तिथे बारीक कंगोरा उठतो आणि पुंगळी अडकत अडकत निघते.

सीताबर्डीकर:

चिकटपट्टी फाटली! टरेटच्या खालच्या अंगाला ओरखडेही आहेत, वरून दिसतच नव्हते. स्कोप काढून झाडली तर एकही पुंगळी पुढे नाही. सगळ्या 4 ते 5 च्या मध्ये, अगदी जवळ, आणि एक खिडकीत उभी अडकली. शेवटची वेगळी उडत नाही.

वऱ्हाडी_नेमबाज:

मग दोन गोष्टी एकदम होत्या. मागे पडणं आणि उभं अडकणं हे स्टँडर्ड काडतुसाचं, बोल्ट पुरेसा मागे जात नाही. जुनी हाय व्हेलॉसिटी एक मॅगझिन भरून बघा. तीही अशीच पडली तर नखीखालची मेणचट काजळी काढा, .22 च्या गोळीवरचं मेण तिथेच साचतं. त्यानंतरही फरक नाही तर परवानाधारक कारागिराकडून नखी आणि चेंबरचा काठ तपासून घ्या, घरी कानस लावू नका.

स्कोपसाठी उंच रिंगा घ्या. किंवा तो 90 अंश डावीकडे फिरवून बसवा, म्हणजे विंडेजचा टरेट वर येतो आणि उजवी बाजू मोकळी. फक्त मग विंडेजच्या टरेटने वर-खाली होईल आणि एरवी वर-खाली करणाऱ्याने डावं-उजवं, क्रॉसहेअर नुसती अधिक चिन्हाची असेल तरच हे जमतं.

सीताबर्डीकर:

क्रॉसहेअरवर खाली अंतराचे ठिपके आहेत, म्हणजे फिरवणं बाद. उंच रिंगाच बघतो. खाचेच्या रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाला) बसणाऱ्या, 1 इंच नळीच्या, नागपुरात कुणाकडे पाहिल्यात का कुणी?