पीसीओएस: आधी घाम की आधी गोळी?

उपवनची पहाट (ठाणे प.)
मत कडवट आहे, आधीच सांगते. पीसीओएस म्हणजे अंडाशयाची आणि हार्मोनची गडबड, त्यात पाळी लांबते आणि पुरुषी हार्मोन वाढतात. पाळी चुकली की सोनोग्राफी, त्यात ‘पीसीओ’ (अंडाशयात पुष्कळ बारीक फोड) दिसलं की २१ गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्यांचं पाकीट, आणि पुढचा पेशंट आत. माझी भाची चोविशीची, ऐरोलीला आयटीत रात्रपाळी करते. सकाळी घरी येऊन चहा-खारी, मग पडदे ओढून झोप, दुपारी तीनला जेवण, मध्यरात्री कँटीनमध्ये नूडल्स नाहीतर वडापाव. पाळी तीन-तीन महिने गायब. डॉक्टरांनी ‘झोपतेस कधी?’ एवढंही विचारलं नाही. इन्सुलिन वाढलं की अंडाशयात पुरुषी हार्मोन जास्त तयार होतात, मग मूळ सोडून पाळी ‘आणायची’ कशाला? सहा महिने झोप, डबा आणि चालणं सुधारू दे, नंतर गोळीचं बघू.

मेधा_नेरूळ
ताई, सहा महिने पाळीविना? अंडं सुटत नाही तेव्हा प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, पण इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन चालूच असतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून निदान तीन महिन्यांतून एकदा तरी रक्तस्राव व्हावा असं बघतात. कुणाला त्यासाठी काही दिवस प्रोजेस्टेरॉन देतात, कुणाला ते २१ चं पाकीट. पाकिटाने पुरुषी हार्मोनही उतरतात, म्हणजे मुरुमं आणि हनुवटीवरचे केस यांवरही काम होतं. चालायला कोण नको म्हणतंय? पण एकासाठी दुसरं अडवून धरायचं हे काही पटत नाही.

उपवनची पहाट
आणि पाकीट बंद केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मेधा_नेरूळ
मग बीपीची गोळी बंद केल्यावर काय होतं? तिला कुणी झाकाझाक म्हणत नाही. उलट पाकीट लिहून देण्याआधी बीपी मोजलं का, डोळ्यांपुढे चमकून होणारी अर्धशिशी आहे का, सिगरेट ओढते का, घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली होती का, हे विचारायला हवं. भांडायचंच तर त्या मुद्द्यावर भांडा, मी तुमच्या बाजूने येईन.

घोडबंदर_लोकल_नसलेली
दोघींनाही एक सांगते. मी बारीक आहे, शाळेपासून ‘काडी’ म्हणतात. मलाही पीसीओएस आहे. एका डॉक्टरांनी वजन बघितलं आणि ‘तुला कसला पीसीओएस’ म्हणून घरी धाडलं. दुसरीकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून शुगर तपासली. उपाशीपोटीची ठीक होती, दोन तासांनंतरची मात्र १४० च्या वर. नुसत्या उपाशी शुगरवर समाधान मानलं असतं तर कळलंच नसतं. ‘५ ते १० टक्के वजन उतरलं की फरक पडतो’ हे खरं आहे, पण ते वजन जास्त असणाऱ्यांसाठी. मी काय उतरवू?

आणि व्यायामाचं म्हणाल, तर कासारवडवलीहून बीकेसीला जाऊन येणाऱ्या बाईला उपवनची पहाट सांगू नका. आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, एवढं सांगतात. चालण्याची मिनिटं मी जेवणानंतर सोसायटीच्या पोडियमवर भागवते. वजनं म्हणजे पाण्याच्या दोन बाटल्या. डब्यात पोळ्या कमी केल्या, उसळ वाढवली. चतुर्थीची साबुदाणा खिचडी सोडताना मात्र सासूबाईंशी शीतयुद्ध झालं.

पाचपाखाडीचा_दादा
बायकोने एक ऑनलाइन ‘पीसीओएस कायमचा घालवा’ कोर्स घेतला. पहिले पंधरा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे पंधरा तीळ आणि सूर्यफुलाच्या. फरक पडतो का कुणाला?

मेधा_नेरूळ
बिया खा, चटणी करून खा. पण पीसीओएस कायमचा घालवणारं काही हाती नाही, आणि अमुकच आहार सगळ्यात भारी असंही सिद्ध झालेलं नाही. जो टिकेल तो चांगला. कोर्सवाल्यांकडून पैसे परत मिळतात का बघा.

सानपाडा_आई
मुलगी १५ वर्षांची, पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाली. सोनोग्राफीत पीसीओ आलंय. शेजारच्या काकू लग्नापर्यंत पोचल्यासुद्धा.

मेधा_नेरूळ
काकूंना थांबवा. या वयात अंडाशयात असे पुष्कळ बारीक फोड दिसणं सर्रास असतं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात की पहिल्या पाळीपासून आठ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये. मुलींमध्ये अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा, दोन्ही लागतात. मोठ्या बाईत सोनोग्राफी धरून तीनपैकी दोन गोष्टी पुरतात. आणि कुणालाही शिक्का मारण्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) बघायचंच.

घोडबंदर_लोकल_नसलेली
लग्नाचं निघालंच आहे म्हणून. मूल होतच नाही ही अफवा आहे. गरज पडली तर अंडं सुटण्यासाठी लेट्रोझोल हे पहिलं औषध देतात. आणि पाळी अनियमित आहे म्हणून गर्भ राहणार नाही, या भरवशावरही राहू नका.

उपवनची पहाट
सगळं वाचलं. तरी रात्रपाळी आणि नूडल्स तशाच ठेवून गोळी देणं मला अर्धवटच वाटतं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी तरी दिली असती, ती इन्सुलिनवर काम करते ना?

मेधा_नेरूळ
शुगरच्या रिपोर्टवरून ते डॉक्टर ठरवतील. पोट बिघडतं सुरुवातीला, जेवणानंतर आणि कमी डोसपासून घ्यायचं. पण भाचीला स्वतःला कशाचा त्रास होतोय, हे विचारलंत का?

उपवनची पहाट
आत्ताच फोन केला. म्हणाली, ‘मावशी, पाळीचं जाऊ दे गं, दर आठवड्याला हनुवटीचं थ्रेडिंग करावं लागतं. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवते.’

मेधा_नेरूळ
मग नुसत्या चालण्याने ते केस जाणार नाहीत. गोळीनेही फरक दिसायला सहा महिने लागतात, त्यामुळे सोबत लेझरचं विचारा. डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनला अडवणारं औषध) सुचवलं तर ते गरोदरपणात चालत नाही, हे तिला आधीच माहीत असू दे. आणि कॅमेऱ्याचंही डॉक्टरांना सांगायला सांगा. नैराश्य, चिंता यांची विचारपूस हा तपासणीचाच भाग असतो.