ऑइल फिल्टरच्या प्लास्टिक झाकणासाठी बुटकी गोटी (सॉकेट) कोणती घ्यावी? (३२ एमएम, रॅपिड डिझेल)

औसेकर
नमस्कार मंडळी. गाडी स्कोडा रॅपिड १.६ टीडीआय, २०१३ ची, सेकंडहँड घेतलेली. ऑइल मी स्वतः घरीच बदलतो, अंगणात लिंबाखाली लावून. हिचा फिल्टर डब्यासारखा फिरवून काढायचा नाही, आत कागदी काडतूस आहे आणि वर काळं प्लास्टिकचं झाकण, त्याच्यावर षटकोनी डोकं. मागच्या खेपेला वेळ नव्हता म्हणून एका गॅरेजला टाकली आणि तिथल्या पोरानं उंच गोटी, वर एक्स्टेन्शन, वर अर्ध्या इंचाचं रॅचेट असा मनोरा लावून झाकण उघडलं, मी समोरच उभा होतो, गोटी तिरपी झाली आन् कडकन घसरली. सहापैकी दोन कोपरे गोल झालेत. लई जीवाला लागलं, कारण आत्तापर्यंत मी ती गाडी तळहातावर जपली.

आता पुढची सर्व्हिस जवळ आलीय, म्हणून फिल्टरसाठी म्हणून जी बुटकी गोटी मिळते ती शोधायलोय. विचारायचं असं की ३२ ची एकच घेऊ का २४ ते ३८ असा पाच-सहा गोट्यांचा सेट मिळतो तो घेऊ, रॅचेट बसायचा चौकोन तीन सुताचा (३/८ इंची) बरा का अर्ध्या इंचाचा, आणि नेहमीच्या गोटीत आन् हिच्यात उंची सोडून खरंच काही फरक असतो का. लातुरात दोन दुकानं फिरलो, दोघांनी पण साधी ३२ ची गोटीच पुढं केली.

शेंद्रा_टीडीआय
दादा, फरक असतो आणि तो उंचीपेक्षा तोंडात जास्त असतो. साधी गोटी उलटी धरून बघा, तोंडाशी आतून उतार दिलेला असतो, बोल्टवर पटकन बसावी म्हणून. लोखंडी बोल्टचं डोकं जाड असतंय, दीड-दोन एमएम वाया गेलं तरी काही बिघडत नाही. पण फिल्टरच्या झाकणाचं डोकं मुळात बुटकं, जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्मं, त्यात हा उतार दोन एमएम खाऊन टाकतो आणि उरलेल्या पट्टीवर सगळा जोर येतो. फिल्टरची चांगली गोटी तोंडाला सपाट असते, अगदी कडेपासून धरते.

दुसरी गोष्ट तुम्ही स्वतःच सांगितली, तो मनोरा. साधी अर्ध्या इंचाची ३२ साधारण ४५ एमएम उंच असते, उंचवाली ८० च्या आसपास, आणि बुटकी २५-३० मध्ये येते. हात जितका वर तितकी गोटी कलंडते, कलंडली की एकाच कोपऱ्यावर भार. बुटक्या गोटीवर रॅचेट थेट बसवा, दुसऱ्या हाताच्या तळव्यानं रॅचेटचं डोकं झाकणावर दाबून धरा आणि मग ओढा. मी शेंद्र्यातल्या कारखान्यातून निघालेली स्कोडा लॉरा अशीच सांभाळतोय, पहिलंच झाकण आहे अजून.

आणि सहा पॉइंटचीच घ्या, म्हणजे आतून सहा कोपऱ्यांची. बारा पॉइंटची गोटी कोपऱ्याच्या अगदी टोकाशी धरते, प्लास्टिक तिथंच सोलतं. सहा पॉइंटची सपाट बाजूवर दाबते.

परभणी_इकोस्पोर्ट
सेटच्या बाबतीत माझं मत, एकच गाडी असंल तर एकच गोटी. माझ्या इकोस्पोर्ट डिझेलला २७ लागते, मी सेट घेतला होता, बाकीच्या गोट्या अजून तेलकागदातच गुंडाळलेल्या. सेटमध्ये गोट्या जास्त असतात म्हणून माल चांगला असतो असं नाही. तेवढ्याच पैशात एक नावाजलेल्या कंपनीची क्रोम व्हॅनेडियमची गोटी येते. भावांच्या, पाहुण्यांच्या चार गाड्या दारात येत असतील तर मग २७, ३२ आणि ३६ या तीन ठेवा.

घ्यायच्या आधी व्हर्निअरनं माप घ्या मात्र, सपाट बाजू ते समोरची सपाट बाजू, कोपरा ते कोपरा नाही. ३२ च्या डोक्याचं कोपऱ्यातलं माप ३७ च्या जवळ येतं आणि माणूस ३६ ची गोटी घेऊन बसतो, आमच्याकडं झालंय हे.

औसेकर
व्हर्निअर शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून आणला. चांगल्या बाजूंवर ३१.९ भरलं, जिथं गोल झालंय तिथं ३१.४. म्हणजे ३२ च. आता चौकोनाचं सांगा कुणीतरी, माझ्याकडं दोन्ही रॅचेट आहेत.

शेंद्रा_टीडीआय
तीन सूत. हिशेब करून सांगतो. झाकण आवळायचं माप २५ न्यूटन मीटर आहे, बऱ्याच झाकणांवर ते छापलेलंच असतं, कपडा मारून बघा. तीन सुताचं रॅचेट एक वीतभर लांब असतं, त्याला अकरा किलोच्या आसपास जोर लावला की २५ झाले. आता अर्ध्या इंचाचा दीड फुटी दांडा घ्या, त्याला माणूस सहज वीस किलोनं ओढतो, ते जातंय ९० च्या घरात. झाकण तडकायला आणखी काय पाहिजे! लहान दांडा हातात असला की हातच चुकत नाही.

तेल थांबवायचं काम झाकणाचा आटा करत नाही, ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, करते. त्यामुळं "गळू नये म्हणून अजून थोडं" हे जे आपल्याकडं चालतं ते इथं उपयोगाचं नाही, त्यानं गळणं थांबत नाही, फक्त पुढच्या वेळेला उघडायला त्रास. फिल्टरच्या पाकिटात ज्या ओ-रिंग येतील त्या सगळ्या बदला, जुनी कितीबी चांगली दिसली तरी, ती उष्णतेनं चपटी आणि कडक झालेली असते. नवी बसवताना बोटानं नवं ऑइल लावा, कोरडी बसवली तर आट्याबरोबर पिळवटते.

नांदेडची_आल्टिस
इथं एक भर घालते. सगळ्याच काडतूस फिल्टरना षटकोनी डोकं नसतं. आमच्या कोरोला आल्टिस १.८ च्या झाकणाला बाजूनं खाचा आहेत, त्याला गोटी नाही, वाटीसारखा कप लागतो, खाचांवर पूर्ण बसणारा. मर्सिडीजच्या बऱ्याच इंजिनांना पण कपच, ७४ एमएम चा. आधी बोनेट उघडून झाकण बघा, मग ऑर्डर द्या, असं म्हणणं आहे. मी पत्र्याचा पातळ कप घेतला होता, तो पहिल्याच वेळेला फाकला आणि खाचांवरून सरकला. नंतर ओतीव ॲल्युमिनियमचा घेतला तो घट्ट बसतो.

वाळूज_टर्नर
राम राम. माझं लेथचं काम आहे, वाळूज एमआयडीसीत. बाजारात बुटकी गोटी मिळंना तर साध्या गोटीचीच करता येते, आमच्याकडं गाड्यांची कामं करणारे बरेच जण घेऊन येतात. साधी सहा पॉइंटची ३२ घ्या, तोंडाकडून उतार संपेपर्यंत फेसिंग मारून (लेथवर तोंड सपाट कापून) घ्या, दोन-अडीच एमएम जातात. झालं, तोंड सपाट. उंची अजून कमी पाहिजे तर आतला षटकोन किती खोल आहे ते बघून तेवढं तोंडाकडूनच अजून काढायचं, चौकोनाच्या बाजूला हात लावायचा नाही, तिथं रॅचेटचा बॉल बसायची खाच असते, ती गेली तर गोटी रॅचेटवर थांबत नाही, खाली इंजिनखालच्या पॅनेलवर जाऊन पडते.

गोटी कडक असते, साध्या एचएसएस टूलनं नाही कटत, कार्बाइड टिप लागते आणि कूलंट सोडून हळू काम. घरी ग्राइंडरवर घासू नका, निळी पडली की पाणी (कडकपणा) उतरलं समजा, वर तोंड वाकडं होतंय ते वेगळंच. काम झाल्यावर क्रोमची कड पत्त्यासारखी धारदार राहते, ती बारीक कानसीनं मारून घ्या, नाहीतर झाकणाचं प्लास्टिकबी सोलंल आणि बोटबी. लातूर, जालना, कुठल्याबी एमआयडीसीत हे काम अर्ध्या तासाचं आहे.

धाराशिव_डिझेल
एवढं कशाला? तीन पायांचा पाना येतो की, जितकं फिरवाल तितका आवळतो, एकात सगळ्या मापाचे फिल्टर निघतात. मी सात-आठ वर्षं तोच वापरतोय.

शेंद्रा_टीडीआय
भाऊ, तो पत्र्याच्या डब्याच्या फिल्टरला चांगला, कारण तो डबा फेकूनच द्यायचा असतो, चेपला तर चेपला. इथं झाकण परत वापरायचंय. तीन पाय तीनच ठिकाणी दाबतात, प्लास्टिकवर वळ उठतात आणि झाकण जरा दबलं की आटा अडकतो. चेन पाना, पाईप पाना तेच. आणि इम्पॅक्ट गन तर अजिबात नको.

धाराशिव_डिझेल
बरोबर आहे, माझी गाडी डब्यावालीच आहे. झाकणाचं डोक्यात नव्हतं.

औसेकर
आता खरी अडचण सांगतो. गोटी कळली, पण झाकणाचे दोन कोपरे आधीच गेलेत. नव्या ३२ च्या गोटीनं निघंल का? निघायच्या आधी बाकीचे चार पण जातील अशी भीती वाटायली. नवीन झाकण मागवलंय, पण जुनं उघडल्याशिवाय ते बसवू कुठं.

वाळूज_टर्नर
सव्वा इंची गोटी शोधा, दहा सुताची, सहा पॉइंट. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ एमएम, ३२ पेक्षा पाव एमएम बारीक. झिजलेल्या डोक्यावर ती रबरी हातोडीनं हलकं ठोकून बसवायची, प्लास्टिक थोडं सरकतं आणि गोटी गच्च धरते. तिचं पण तोंड सपाट केलेलं असंल तर सोन्याहून पिवळं. इंची गोट्या कारवाल्या दुकानात नाही मिळायच्या, जुने मॅसी ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्री असतात ना, त्यांच्या पेटीत बघा.

शेंद्रा_टीडीआय
हे मस्त सांगितलं. त्यात एवढंच घाला, इंजिन कोमट असताना करा. दहा मिनिटं चालवा, बंद करून हाताला सोसंल इतकं निवू द्या. गार गाडीत जुनी ओ-रिंग चिकटून बसलेली असते, लई तापलेली असली तर ऑइल हातावर येतंय. आणि खालचा ड्रेन नट सोडायच्या आधी वरचं झाकण सैल करा, फिल्टरच्या घरातलं ऑइल खाली उतरून जातं आणि काडतूस काढताना इंजिनवर सांडत नाही. तसंच, झाकण नाहीच निघालं तर ते ऑइल काढायच्या आधी कळलेलं बरं, गाडी चालवत गॅरेजला तरी नेता येते.

औसेकर
रविवारी झालं काम, म्हणून सविस्तर लिहितो, सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलं.

सव्वा इंची गोटी गावातल्याच ट्रॅक्टर मिस्त्री मामांकडं मिळाली, तेलानं माखलेली, पण सहा पॉइंट आणि कडा धड. तोंडाला उतार होता, तो लातूर एमआयडीसीत फेसिंग करून घेतला, मामांना आधी विचारून, ते म्हणले घे करून, मलाबी कामाला येईल. गाडी दहा मिनिटं फिरवून आणली, अर्धा तास थांबलो, इंजिनचं कव्हर काढलं, वरचा होज जरा बाजूला बांधला. रबरी हातोडीचे चार ठोके, गोटी बसली. माझ्याकडं तीन सुताचं रॅचेट आणि गोटीचा चौकोन अर्ध्या इंचाचा, म्हणून मधी छोटा ॲडॉप्टर लावला, डावा तळवा वर दाबून धरला आणि ओढलं. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला कुरकुर आवाज आला आणि फिरलं. इतका वेळ श्वास धरला होता हे तेव्हा कळलं.

आत बघितलं तर मोठी ओ-रिंग जुनीच होती, चपटी, नखानं दाबली तर दबंना. म्हणजे गॅरेजमध्ये काडतूस बदललं आणि रिंग पाकिटातच राहिली, आणि झाकण एवढं का आवळलं होतं ते पण उमगलं. झाकणाच्या आट्याजवळ केसाएवढी चीर होती. नवं झाकण, नवी रिंग, ऑइल लावून हातानं शेवटपर्यंत फिरवलं, मग टॉर्क रेंचनं २५. तीन दिवस झाले, रोज सकाळी टॉर्च लावून बघतो, कोरडं ठणठणीत.

नव्या झाकणासाठी ३२ ची बुटकी गोटी मागवली, तीन सुताची, सहा पॉइंट, सपाट तोंडाची. काल आली. उभी ठेवली तर काडेपेटीच्या रुंदीपेक्षा कमीच. झाकणावर ठेवून बघितली, कुठं हलत नाही.

बीड_वेंटो
दादा, माझी वेंटो पण १.६ टीडीआयच आहे, मलाबी ३२ च लागंल ना? आणि ट्रॅक्टरवाल्या मामांची गोटी परत दिली का अजून तुमच्याकडंच आहे?

औसेकर
इंजिन तेच आहे त्यामुळं ३२ च असायला पाहिजे, पण आधीच्या मालकानं झाकण बदललं असंल तर सांगता येत नाही, व्हर्निअर लावून मग मागवा. मामांची गोटी दुसऱ्याच दिवशी पुसून परत दिली. तुमचं झाकण गोल झालं असंल तर या इकडं घेऊन, मामांना मी विचारतो.