तीर्थनचे ट्राउट मासे लाइन टाकायच्या आधीच पळतात, आमच्या बोलण्यामुळे का?

हिमाचलात तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंग (बनावट माशी लावून गळाने मासेमारी) करतोय, पाणी नितळ, मासे दिसतात पण जवळ गेलं की गायब. गप्पा बंद ठेवायच्या का?

उत्तर: गप्पा मारा बिनधास्त, हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरतच नाही. खरा घोळ पायांचा, गोटे एकमेकांवर घासले की तो आवाज पाण्यातून सेकंदाला साधारण १५०० मीटरने जातो, वर ट्राउटच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला (अंगाच्या बाजूने जाणारी संवेदनशील रेषा) जवळची हालचाल कळते ती वेगळीच. पाण्यात टेकायच्या काठीला लोखंडी टोक असेल तर रबर लावा.

उत्तर: आणि सावली! मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, तेव्हा मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूने वर जा, वाकून. डोक्यावर लाइन उगाच फिरवत बसू नका राव.

प्रश्नकर्ता: रबर कुठे मिळेल?

उत्तर: मेडिकलमधे, आजोबांच्या काठीचं बूच चालतं